तुम्ही विचारलंत म्हणून: वॉटसनची बाई का केली?

हा प्रश्न मला फोंड्याच्या कदंबा बसस्टँडवर विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एकदा तर बाराव्याच्या जेवणाला गेलो होतो तिथेही विचारलाय. तो दोन तऱ्हांनी येतो. आमचं नाटक पाहिलेले विचारतात, ‘जत्रेच्या नाटकात शेरलॉक होम्सच्या वॉटसनची बाई का केलीत?’ आणि मालिका पाहिलेली कॉलेजची मुलं विचारतात, ‘सर, बीबीसीचा ‘शेरलॉक’ सोडून, वॉटसनची बाई केलेल्या त्या अमेरिकन ‘एलिमेंटरी’च्या मागे कसे लागलात?’ दोघांनीही मनात धरलेलं असतं की मला काहीतरी वेगळं करून दाखवायची हौस आली होती. आजवर मी वेळ मारून नेली. आता सांगतोच.

आधी होम्स बाजूला ठेवू. ‘शेरलॉक’मधला कंबरबॅच भारी की ‘एलिमेंटरी’तला जॉनी ली मिलर भारी, या वादात मला पडायचं नाही. 2011 साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये डॅनी बॉयलने ‘फ्रँकेन्स्टाइन’ बसवलं, त्यात हेच दोघे होते. कधी कंबरबॅच शास्त्रज्ञ आणि मिलर त्याने घडवलेला जीव, कधी उलट. पुढच्या वर्षी लंडनच्या रंगभूमीचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला तो दोघांत मिळून एक. म्हणजे हे दोघे नट एकमेकांच्या जागी उभे राहू शकतात, हे रंगमंचावर सिद्ध झालेलं आहे. नाटकवाल्या माणसाला यापेक्षा अधिक पुरावा लागत नाही. या दोन मालिकांतला फरक शोधायचा तर तो वॉटसनपाशी शोधायला हवा, आणि तिथे कोणी बघतच नाही.

‘द साइन ऑफ फोर’ ही होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल याची कादंबरी, 1890ची. पहिल्याच प्रकरणात वॉटसन होम्सची परीक्षा घ्यायला त्याच्या हातात एक घड्याळ ठेवतो. होम्स भिंगातून बघतो आणि सांगतो: हे तुझ्या थोरल्या भावाचं. त्याच्याकडे सगळं होतं, त्याने ते वाया घालवलं आणि शेवटी दारूत गेला. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे आहेत, पिणाऱ्याचा हात थरथरतो म्हणून ते पडतात. यावर वॉटसन वाहवा करत नाही. तो ताडकन उठतो, लंगडत खोलीभर येरझाऱ्या घालतो आणि होम्सला सुनावतो की तू माझ्या दुर्दैवी भावाची कुठून तरी चौकशी केलीस आणि आता तर्काचं सोंग आणतोस. होम्स माफी मागतो. कोडं म्हणून बघण्याच्या भरात हे तुला किती लागेल याचा मला विसर पडला, असं तो कबूल करतो. डॉयलच्या साऱ्या गोष्टींत मला ही जागा सर्वांत मोठी वाटते.

‘शेरलॉक’च्या 2010च्या पहिल्या भागात, ‘अ स्टडी इन पिंक’मध्ये, त्या घड्याळाचा मोबाइल झाला. चार्जरच्या भोकाभोवती तेच ओरखडे, दारू पिणारं तेच भावंड. रूपांतर इतकं चपखल की मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला. टॅक्सीत कंबरबॅच एका दमात सगळं उलगडतो आणि मार्टिन फ्रीमनचा वॉटसन थक्क होऊन त्याचं कौतुक करतो. भाऊ नव्हे, बहीण होती, एवढीच काय ती होम्सची चूक निघते. वॉटसनला लागलंय याचा मागमूस नाही. माफी गेली, टाळी आली.

हे का झालं ते मला समजतं. डॉयलच्या साठ गोष्टींपैकी चार सोडल्या तर बाकी सगळ्या वॉटसन सांगतो. आपण होम्सला बघतो ते त्याच्या डोळ्यांनी. पडद्यावर तो निवेदक बेकार होतो, कारण बघण्याचं काम कॅमेरा करतो. ‘शेरलॉक’मध्ये तर कॅमेरा थेट होम्सच्या डोक्यात शिरतो, त्याला सुचलेले शब्द आपल्यासमोर हवेत उमटतात. मग वॉटसनने करायचं काय? थक्क व्हायचं, चिडायचं, प्रेम करायचं. फ्रीमन ते फार सुंदर करतो, त्याच्या अभिनयाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण मालिकेचा कल कुठे होता ते शेवटी उघडं पडलं. जानेवारी 2017च्या ‘द फायनल प्रॉब्लेम’मध्ये होम्सच्या घराण्याचं गुपित उलगडत असताना वॉटसन कुठे असतो? विहिरीत, साखळीने बांधलेला, पाणी चढतंय. ते पाहून मला खरोखर संताप आला होता.

‘एलिमेंटरी’ची वाट वेगळी. जोन वॉटसन शल्यविशारद, तिच्या हातून एक पेशंट गेला म्हणून तिने ते काम सोडलंय. व्यसनातून बाहेर पडलेल्या होम्ससोबत राहायला तिला पैसे देऊन नेमलंय. यावर ‘हे डॉयलमध्ये कुठे आहे?’ असं विचारणाऱ्यांनी ‘द मिसिंग थ्री-क्वार्टर’ वाचावी. त्यात वॉटसन सांगतो की होम्सचं व्यसन मी हळूहळू सोडवलं, पण तो राक्षस मेलेला नाही, नुसता झोपलाय, आणि त्याची झोप सावध आहे हे मला ठाऊक आहे. डॉयलने एवढं सांगून विषय मिटवला. ‘एलिमेंटरी’ने तेवढ्यावर 2012 ते 2019 अशी सात पर्वं उभी केली, 154 भाग. होम्सचं सोबर राहणं हे रोजचं काम आहे आणि त्या कामाला साक्षीदार लागतो, हे ती मालिका विसरत नाही. जोन बघता बघता तपास शिकते, पुढे स्वतःच्या केसेस घेते. पहिल्या पर्वाच्या शेवटी होम्सच्या कट्टर शत्रूचं, मोरिआर्टीचं, मन ओळखते आणि पकडण्याचा डाव सुचवते ती जोन. आणि सात पर्वांत दोघांचं प्रेमप्रकरण त्यांनी केलं नाही, याबद्दल मी त्या लेखकांचा ऋणी आहे.

हो, ‘एलिमेंटरी’त उणं आहेच. वर्षाला चोवीस भाग काढायचे म्हटल्यावर खून रतीबाने पडतात, आणि कितीतरी भाग मला आता एकमेकांपासून वेगळे आठवतही नाहीत. ‘अ स्टडी इन पिंक’च्या तोडीचा एकही भाग तिच्यात नाही. हे मी मुलांनाही सांगतो, आणि ती लगेच म्हणतात, मग वाद मिटला. कसा मिटला? तेरा भागांतला एक लखलखीत भाग आणि सात वर्षं टिकलेली एक मैत्री यांची तुलना करायची तरी कुठल्या मापाने?

2012 साली ‘एलिमेंटरी’त वॉटसनचं काम लुसी लू ही नटी करणार अशी बातमी आली, तेव्हा मी स्वतः म्हणालो होतो, खेळ संपला. माझं तेव्हाचं म्हणणं असं: ही दोन पुरुषांच्या मैत्रीची गोष्ट आहे. बाई आणली की तिला पुरुषाची देखभाल करायला लावणार, औषध दिलं का, जेवलास का. त्या वेळच्या मला आज खोडून काढायला बसलो तर पूर्ण खोडता येत नाही. पहिले काही भाग जोन तेच तर करते. फक्त मालिका तिला तिथे ठेवत नाही.

आता आबांचं सांगतो. तुम्हाला उत्तर हवं असेल तर ते इथे कुठेतरी आहे.

आबा म्हणजे आमच्या गावच्या रंगमंचावरचा ऐकणारा नट. राजाचा प्रधान, नायकाचा मित्र, सावकाराचा मुनीम. मी पोरगा होतो तेव्हा त्यांनी तालमीत सांगितलं होतं, समोरचा बोलतो तेव्हा लोक तुझ्याकडे बघतात रे, त्याचं बोलणं ऐकण्यासारखं आहे की नाही ते तुझ्या तोंडावरून ठरवतात. मला नाटकातलं जे कळतं ते या एका सांगण्यातून वाढलेलं आहे. डॉयलची ‘द स्पेकल्ड बँड’ मी जत्रेसाठी मराठीत आणायला घेतली. सावत्र बापाचा वाडा इथल्या जुन्या भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, केला, नोकराला बोलवायच्या घंटेच्या दोरीऐवजी झुंबराची दोरी आली, जिच्यावरून साप उतरतो. वॉटसन आबांचा, हे ठरवावं लागलंच नाही. घड्याळाचा प्रसंग मी ‘साइन ऑफ फोर’मधून उचलून पहिल्या अंकात बसवला, तेव्हा आबांनी घरून एक खिशातलं घड्याळ आणलं. मागचं झाकण उघडून किल्ली द्यायचं, पूर्वजांपैकी कोणीतरी मुंबईहून आणलेलं. भोकाभोवती खरेच ओरखडे होते, बारीक, एकावर एक. ‘खोटं कशाला वापरता, हे घे,’ म्हणाले.

आबा तो प्रसंग त्यांच्या रीतीने करत. होम्सच्या प्रत्येक वाक्याला भुवया आणखी वर, आणि शेवटी प्रेक्षकांकडे वळून दोन्ही हात उघडे. टाळी कुठे द्यायची ते आबांच्या भुवया सांगत. एका संध्याकाळी त्यांना यायला उशीर झाला. आरोग्य केंद्रातली एक नर्स आमच्याकडे कपडेपट सांभाळायची, तिच्या हातात मी वही दिली, म्हटलं नुसतं वाच. होम्स करणारा मुलगा घड्याळ फिरवत बोलू लागला. ही ऐकत राहिली. ‘शेवटी दारूत गेला’ या वाक्याला तिने हात पुढे केला आणि घड्याळ मागून घेतलं. वहीत असलं काही लिहिलेलं नव्हतं. तिने झाकण लावलं, ते लागल्याचा आवाज झाला, आणि त्या मुलाच्या तोंडून मधली सगळी वाक्यं गाळून एकदम माफीचं वाक्य बाहेर पडलं. अनेक तालमींत जे वाक्य तो पाठ केल्यासारखं म्हणायचा, ते त्या दिवशी त्याला म्हणावंसं वाटलं होतं.

आबा दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. भाटकाराचं काम तुम्ही करा म्हणालो, ते मोठं होतं, वाक्यं जास्त, शेवटी साप चावून मरण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वहिनींना चहा ठेवायला सांगितलं आणि विचारलं, ‘तुला वॉटसनची बाई हवी होती, की आबा नको होता?’

मी बोलत सुटलो. जोनबद्दल, ‘मिसिंग थ्री-क्वार्टर’बद्दल, वर तुम्हाला जे सांगितलं ते बहुतेक सगळं. त्यांनी मला मध्येच थांबवलं. ‘मालिकेचं मला सांगू नको. पोरीने घड्याळ मागून घेतलं ते मी पाहिलं. चांगलं केलं तिने. पण इतक्या वर्षांत तू मला एकदा तरी सांगितलंस का, आबा, भुवया खाली ठेवा म्हणून?’

कसं सांगणार होतो? त्या भुवया बघत मी नाटक शिकलो. आणि दिग्दर्शकाने नट बदलू नये का? त्या प्रसंगाला जे हवं होतं ते तिच्याकडे होतं. हे मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो. आबांनी भाटकार केला नाही. घड्याळ मात्र परत मागितलं नाही. जत्रेच्या रात्री पालखी आटपून नाटक सुरू झालं तेव्हा ते पुढच्या रांगेत बसले होते आणि पहाटे पडदा पडेपर्यंत बसून होते. काही बोलले नाहीत. आता भेटतो तेव्हा सुपारीच्या भावावर बोलतो.

गावात नंतर जी कुजबूज झाली तिचं मला दुःख नाही, रागच आहे. ‘पुरुषाच्या पार्टात बाई कशाला?’ आपल्या अंत्रुज महालात, या फोंड्याच्या मुलखात, हे विचारावं? मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी स्त्रीभूमिका गाजवल्या. आमच्याच मंडपात मिशा काढून द्रौपदी झालेले लोक अजून हयात आहेत आणि त्यांचं कौतुक करताना कोणाच्या मनात हा प्रश्न येत नाही. बाईचं दुःख पुरुषाच्या तोंडून चालतं, मग भावाच्या मरणाचं दुःख बाईच्या तोंडून का नको? डॉक्टर आहे, लष्करात होती, पाय अधू आहे, भाऊ गेलाय. यातलं काय बाईला शोभत नाही, ते मला कोणीतरी समोर बसून सांगावं.

हे सगळं मी ठामपणे सांगू शकतो. आबांच्या प्रश्नाला मात्र हे उत्तर होत नाही, कारण त्यांनी बाईबद्दल विचारलंच नव्हतं. कधी वाटतं, ‘एलिमेंटरी’ पाहिली नसती तरी त्या संध्याकाळनंतर मी हेच केलं असतं. कधी वाटतं, पाहिली नसती तर तिच्या हातात वही दिलीच नसती, कपडेपटातल्या एखाद्या मुलाला दिली असती.

यंदा ‘द रेड-हेडेड लीग’ करायचा विचार आहे. त्या नर्सची बदली काणकोणला झाली, रोज तालमीला येणं तिला जमणार नाही. बायको म्हणते, आबांना विचार. विचारायचं झालं तर पहिल्याच तालमीला त्यांना भुवयांचं सांगावं लागेल. संहिता अर्धी लिहून झाली आहे आणि वॉटसनच्या नावापुढची जागा मी अजून भरलेली नाही.