"घरी जनावरं आहेत का?"
काकांना ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा एक जंतूंचा आजार, आहे, हे आज रिपोर्टवरून नक्की झालं. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी ताप चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, कंबर धरायची. मलेरिया नाही, टायफॉइड नाही. नव्या डॉक्टर मॅडमनी मात्र पहिल्याच भेटीत विचारलं, "घरी जनावरं आहेत का? एखादी गाभडली होती?"

आमची गाय गाभडली होती, म्हणजे तिचा गर्भ पडला होता. सातव्या महिन्यात. वार, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, आत अडकली म्हणून काकांनी ती उघड्या हातांनी ओढून काढली. आमच्याकडे सगळेच असं करतात. त्या वारेत आणि स्रावात हे जंतू खच्चून भरलेले असतात, हातावरच्या बारीक चिरेतूनही आत शिरतात. कच्च्या दुधातूनही येतात. उकळलं की मरतात, त्यामुळे धारोष्ण दुधाचं कौतुक आता मला ऐकवत नाही.

औषधं 6 आठवडे, दोन अँटिबायोटिक्स एकत्र. ताप उतरला तरी मध्येच सोडायची नाहीत, आजार उलटतो.

ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर हा जंतू 1887 साली शोधला. इतकी वर्षं झाली, तरी गोठ्यात राबणाऱ्या माणसाला साधे हातमोजे घाल म्हणून कुणी सांगत नाही, याचा फार राग येतो.

ज्यांच्याकडे 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी, पारड्या आहेत त्यांनी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात या आजाराच्या लसीचं विचारा. आयुष्यात एकदाच द्यायची असते. गाभडलेलं वासरू, वार कुत्र्यांपुढे टाकू नका, चुना टाकून खोल पुरा. आमच्या गाईचं रक्त तपासायला उद्या पशुवैद्य येताहेत.