उंटाआधी बोटं : खुडीच्या वाळूतल्या रात्रीचा माझा अनुभव

जैसलमेरकडे जाऊन उंटावर बसायचं आणि वाळूत रात्र काढायची असं कोणाच्या मनात असेल, तर उंटाची काळजी करू नका. आधी आपलं आधार कार्ड कोणत्या मोबाईल नंबरला जोडलेलं आहे ते पाहा. आमच्या बचत गटातल्या चौघी फेब्रुवारीत खुडी नावाच्या गावी राहून आलो. गावातल्या बायका अजून विचारतात, "उंट कसा होता वं?" मी उंटाचं सांगायला बसते आणि दुसऱ्याच वाक्यात आधार केंद्रावर येते. राग गेलेला नाही अजून.

चौघी म्हणजे मी, माझी जाऊ, गटाच्या अध्यक्षबाई आणि साठी उलटलेल्या मावशी. घरच्या पुरुषांकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि त्यांच्या मोबाईलवरून तिकीटही काढून घ्यायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. त्यामुळे पुढे ज्याने त्याने "अहो, पोराच्या खात्यातून काढा ना" असा सल्ला दिला, त्याला उत्तर तयार होतं.

आमची शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून आमच्याकडे रूळ आहेत, गाडी नाही. एसटीनं अकोला गाठायचं. बायांना अर्धं तिकीट, तेवढंच बरं. हैदराबादकडून वाशिम-अकोल्यावरून थेट जोधपूरच्या भगत की कोठीला जाणारी गाडी २०२५ मध्ये सुरू झाली, तिनं आमचं मोठं काम केलं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं हे खरं, पण तूर कधी सोंगून होईल आणि मळणीयंत्र कधी दारात येईल हे साठ दिवस आधी कोण सांगणार? कापसाची शेवटची वेचणी, मग तूर, मग हरभरा. यांच्यामध्ये जी फट सापडेल तेवढ्यात जाऊन यायचं. म्हणजे तत्काळच. आणि मोबाईलवरून तत्काळ तिकीट जुलै २०२५ पासून आधारच्या ओटीपीशिवाय निघत नाही. एजंटाला तर पहिला अर्धा तास बंदच.

गटात स्मार्टफोन नीट चालवणारी मी, म्हणून रेल्वे तिकिटाचं खातं माझ्या नावाचं. माझ्या आधारला जोडलेला नंबर मात्र आमच्या घरात पहिला फोन आला तेव्हाचा. तो फोन गेला, सिम बंद पडलं, आज तो नंबर कोणाच्या खिशात आहे देव जाणे.

नंबर बदलायचा म्हणजे ७५ रुपये फी आणि एक अंगठा, पाच मिनिटांचं काम, असं सगळे म्हणाले. डिसेंबरचे दिवस. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीची मुदत संपत आलेली, तिलाही हाच ओटीपी लागायचा. त्यामुळे अख्ख्या तालुक्याच्या बाया त्या एका खोलीपुढे. शिवाय ठसे नव्यानं द्यायला आणलेली शाळेची पोरं. पहिल्या एसटीनं पोचले तर टोकन संपलेले. कळलं की आदल्या रात्रीच कोणीतरी पायरीवर वही ठेवतं आणि त्यात नावं लागतात. वही कोणाची, कोण ठेवतं, हे आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. पण त्या वहीपुढे केंद्राचंही चालत नव्हतं.

नंतर एकदा वहीत नाव लागलं, नंबर आला, मी मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल. मग एकेक करून दहाही बोटं. ऑपरेटर पोरगा स्क्रीनकडे पाहत म्हणाला, "बाई, तुमचे ठसेच नाहीत."

"ठसे नाहीत म्हंजे? मंग हे बोटं कोनाचे हायेत?"

मागच्या बाया हसल्या. मला हसू येत नव्हतं. ज्यांनी कापूस वेचला आहे त्यांना सांगायला नको. बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात आणि दिवसभर बोटांच्या पेरांना ओरखडतात. वरून डिसेंबरची थंडी, भेगा पडतात. पंचवीस वर्षं हे चाललंय. रेघा राहतील कुठून?

"आठ दिवस काम करू नका," तो म्हणाला, "बोटं भरून आली की या."

ऐन वेचणीत आठ दिवस! फुटलेला कापूस काय माझ्या बोटांसाठी झाडावर थांबणार आहे? आणि हे ऐकणारी मी एकटी नाही, त्याच्या तोंडून हे वाक्य माझ्यासमोर कितीतरी बायांना गेलं. प्रत्येक जण मान हलवून निघून जायची, कारण मागे रांग आणि गावाला जाणारी शेवटची एसटी.

गावात मग उपाय सुरू झाले. कोणी ग्लिसरीन सांगितलं, कोणी रात्री साय चोळायला सांगितली, सासूबाईंनी खोबरेल तेल कोमट करून दिलं. तेलाचा उलटा परिणाम होतो, काचेवर डाग पडतो आणि मशीन आणखीच रुसतं. ग्लिसरीननं थोडा फरक पडतो, पण ते आदल्या रात्री लावायचं आणि सकाळी साबणानं हात धुऊन कोरडे करायचे. मी हे सगळं करून गेले तर सर्व्हर डाऊन. त्यानंतर गेले तर वीज नव्हती.

भिंतीवर एक रंगीत पाटी होती. तिच्यावर बोटांचं चित्र होतं, चेहऱ्याचं होतं आणि एका मोठ्या डोळ्याचं. रांगेत उभं राहून राहून ती पाटी पाठ झाली होती. एक दिवस विचारलंच, "हे डोळ्याचं चित्र कायचं हाय?"

"बुबुळाचं मशीन. ते बंद आहे."

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून."

म्हणजे बोटं झिजली असतील तर डोळ्यांवरून ओळख पटवता येते, ही सोय आहे, तिची पाटीही आहे. फक्त मशीन बंद आहे आणि ते बंद आहे हे सांगण्यापेक्षा आम्हाला आठ दिवस शेतात जाऊ नका असं सांगणं सोपं आहे. त्या दिवशी मी तिथं जे बोलले ते इथं लिहीत नाही. अध्यक्षबाई सोबत होत्या, त्यांनी दंड धरून बाहेर आणलं.

बाहेर चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या गुरुजींनी सांगितलं की आधारचं काम आपल्याच तालुक्यात करावं असं काही नाही, देशात कुठल्याही केंद्रावर होतं. ही एक ओळ त्या पाटीवर असती तर माझा अर्धा डिसेंबर वाचला असता. शेजारच्या तालुक्याच्या पोस्टात गेले. तिथं ऑपरेटर एक मुलगी. तिनं आधी मशीनची काच पुसली. बोटं पाहिली, ठसा घ्यायचा एक प्रयत्न केला आणि काही न बोलता दुर्बिणीसारखं एक यंत्र माझ्या डोळ्यांपुढे धरलं. "डोळे मोठे करा ताई. हं, झालं." पावती हातात. मी तिला विचारलं, उंटावर बसायला येतेस का? तिला काही कळलं नाही. पोस्टाबाहेर येऊन एकटीनं दोन समोसे खाल्ले, गरम.

पावती फेकू नका, तिच्यावरच्या नंबरावरून काम कुठवर आलं ते पाहता येतं. थोड्या दिवसांनी मेसेज आला. तत्काळ खुलण्याच्या आदल्या रात्रीच आधार खात्याला जोडून ठेवा; ऐन वेळी जोडत बसाल तर जागा गेलेल्या असतात. एसीचं तत्काळ सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, आणि एका तिकिटावर चारच नावं बसतात. आम्ही चौघी होतो ते बरंच झालं. अकरा वाजून काही मिनिटांत चारही जागा पक्क्या. जाऊ म्हणाली, "एवढ्यासाठी होतं व्हय सारं?"

प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. जोधपूरला उतरायचं, तिथून जैसलमेरला रेल्वे किंवा बस.

जैसलमेरला उतरताच लोक गळ्यात पडतात : सम, सम, सम. समच्या टेकड्या शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत, तिथं तंबूंच्या रांगा, रात्री नाच आणि स्पीकर. ज्यांना ते हवं त्यांनी जावं. आम्हाला गाव हवं होतं. खुडी पन्नासेक किलोमीटर, नैऋत्येला, मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या पट्ट्यात. तिथली काही घरं पाहुणे ठेवतात. मातीच्या गोल भिंती, वर गवताचं छप्पर, भिंतीवर पांढऱ्या रंगाची नक्षी. आधी फोन करून ठरवा, आणि उंट, रात्रीचं जेवण, सकाळचा चहा, रजया, हे सगळं सांगितलेल्या पैशांत आहे का ते एकेक करून विचारा. माघ पौर्णिमेला जैसलमेरचा मरू महोत्सव असतो, ते दिवस टाळा. आधारची झेरॉक्स प्रत्येकीची वेगळी न्या, घरमालक नोंदवहीला लावतात.

माझ्यासाठी उंट अगदी नवा नव्हता. आमच्या शिवारात पिकं निघाली की काठेवाडी मेंढपाळ मेंढरं घेऊन येतात, सोबत उंट, उंटावर बाज, बाजेवर लेकरं आणि कोंबड्या. खतासाठी आपण मेंढरं वावरात बसवतो. पण त्या उंटावर आपण कधी बसत नाही. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसणारी पुढे फेकली जाते. तेव्हा मागे रेलायचं आणि पलाणाची मूठ सोडायची नाही. उंटवाला हे सांगतो, पण उंट उठल्यावर. उंट खाली बसताना आधी पुढचे पाय मुडपतो, तेव्हाही झटका पुढेच बसतो. साडीच्या आत सलवार किंवा लेगिंग घालाच, मांड्या सोलून निघतात. मावशींनी उंटाकडे पाहिलं आणि सरळ उंटगाडी मागितली. गाडीही मिळते, तिच्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट आमच्यात सगळ्यात आरामात त्याच पोचल्या.

दुपारी चार-साडेचारला निघालो, सूर्य बुडायच्या आत टेकड्यांवर. आमचा उंटवाला, आमच्या मुलांच्या वयाचा, काटक्यांवर बाजरीच्या रोट्या करत बसला. अध्यक्षबाईंना ते पाहवेना. त्यांनी पीठ ओढून घेतलं आणि ज्वारीच्या हातानं बाजरी थापली. पहिली मोडली, दुसरी जमली. सोबत केर-सांगरीची भाजी, आणि आम्ही नेलेला ठेचा. ठेचा त्यानं दोनदा मागून घेतला.

जेवताना त्याला विचारलं, उंटाला भाव काय? तो हसला. २०१४ मध्ये उंट राजस्थानचा राज्यपशू झाला, पुढच्या वर्षी कायदा आला, उंट परवानगीशिवाय राज्याबाहेर नेता येत नाही. तेव्हापासून गिऱ्हाईकच नाही म्हणाला, भाव पडले, नव्या पोरांना उंट पाळायचा नाही. पाहुणे येतात म्हणून हे चार टिकलेत. आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीपासून आमच्याकडे म्हाताऱ्या बैलाचं हेच झालं आहे. विकता येत नाही, सांभाळायचा तर चारा कुठून आणायचा. मग त्या रात्री बैल आणि उंट यावरच जास्त बोलणं झालं, चांदण्यांकडे उशिरा लक्ष गेलं.

थंडीचं आधी लिहायला हवं होतं. दिवसा स्वेटर नको वाटतो, पण रात्री वाळू गार पडते आणि खालून थंडी शिरते. रजई एक पांघरायला, एक अंथरायला मागा. कानटोपी न्या. वाळूत संडास नसतो. टॉर्च घेऊन दोघी-दोघींनी जायचं आणि टेकडीची खूण नीट लक्षात ठेवायची, अंधारात सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात.

सकाळी गावात परतलो. घरातल्या बाया पुरुष पाहुण्यांसमोर येत नाहीत, पण आम्ही बाया म्हणून थेट चुलीपाशी नेलं. आमची हिंदी कच्ची आणि त्यांची बोली वेगळी, तरी सून, पोरं, दूधदुभतं, सगळं बोलून झालं. अंगणात पावसाचं पाणी साठवायचं जमिनीतलं टाकं आहे. वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे नऊशेच्या वर पडतो आणि तरी एप्रिलमध्ये टँकर लागतो. मावशींनी टाक्याचं झाकण स्वतः उघडून वाकून पाहिलं. बायांनी आम्हाला अंघोळीला एक-एकच बादली दिली, तेवढीच घ्या, जास्त मागू नका.

जैसलमेरला परत नेणाऱ्या बस मोजक्याच असतात, वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि घरमालकाला दिलेल्या पैशांतून उंटवाल्याला किती मिळतात ते आपल्याला कोणी सांगत नाही. त्याच्या हातात काही वेगळं द्या, मालकासमोर नाही, उंटाला दावं बांधत असेल तेव्हा.