घरच्या सर्व्हरची निवड आणि उभारणी: सांगलीतील माझा अनुभव

विश्रामबागेतील आमच्या एकत्र कुटुंबात चार संगणक रोजच्या वापरात आहेत. थोरल्या भावाच्या हळदीच्या अडतीचे हिशेब टॅलीत असतात, वहिनी शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रके लॅपटॉपवर तयार करतात, पुतण्या अभियांत्रिकीला आहे, आणि घरातील सगळी छायाचित्रे माझ्या संगणकावर साठत गेली. बॅकअपची आठवण कोणालाच राहत नसे, म्हणून ते काम माणसांकडून काढून एका वेगळ्या यंत्राकडे द्यायचे ठरले. पुतण्याचा जुना डेस्कटॉप अडगळीत पडून होता, तोच यासाठी घेतला.

सॉफ्टवेअर निवडताना मी वैशिष्ट्यांच्या याद्या बाजूला ठेवून एकच कसोटी लावली: सर्व्हर बंद पडला, तर त्यातील एकटी डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर वाचता येईल का? सांगलीकराला हा प्रश्न सुचायला फार विचार करावा लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. अशा वेळी कोणी सर्व्हर उचलून नेत नाही, कागदपत्रांच्या पिशवीत जे मावेल तेच बाहेर पडते.

या कसोटीवर मायक्रोसॉफ्टचे 2007 मधील विंडोज होम सर्व्हर अजूनही अभ्यासण्यासारखे आहे. ते नेमके अशाच घरांसाठी बनवले होते: दहापर्यंत संगणकांचा बॅकअप रोज आपोआप होई, आणि अनेक संगणकांवर सारखीच असलेली माहिती एकदाच साठवली जाई. त्यातील ड्राइव्ह एक्स्टेंडर वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क एकत्र करून दाखवत असे, तरीही सामायिक फोल्डरमधील फाइली प्रत्येक डिस्कवर साध्या एनटीएफएस स्वरूपात (डिस्कवर फाइली मांडण्याची विंडोजची नेहमीची पद्धत) राहत आणि दुसऱ्या विंडोज संगणकावर वाचता येत. 2010 मध्ये कंपनीने ही सोय काढून टाकण्याचे जाहीर केले, 2011 ची आवृत्ती तिच्याविनाच आली, आणि एप्रिल 2016 मध्ये तिचाही आधार संपला. सॉफ्टवेअर निघून गेले तरी डिस्क वाचता आली पाहिजे, हा माझा आग्रह त्यामुळे अधिकच पक्का झाला.

ट्रूनॅस हे साठवणीच्या सर्व्हरचे सॉफ्टवेअर मी गांभीर्याने पाहिले. त्यातील झेडएफएस ही फाइलप्रणाली माहितीच्या प्रत्येक तुकड्याची पडताळणीची बेरीज (चेकसम) तपासून बिघाड ओळखते, आणि माहितीच्या शुद्धतेच्या बाबतीत तिला तोड नाही असेच मी म्हणेन. परंतु ट्रूनॅसला किमान 8 जीबी रॅम लागते, आमच्याकडे 4 जीबी होती. शिवाय रेडझेडमधील (झेडएफएसची माहिती अनेक डिस्कवर विभागून ठेवण्याची पद्धत) एकटी डिस्क दुसरीकडे लावून काहीच वाचता येत नाही. अखेरीस डेबियन या लिनक्सवर आधारलेले ओपनमीडियाव्हॉल्ट हे सर्व्हर सॉफ्टवेअर घेतले आणि त्यावर मर्जरएफएस व स्नॅपरेड बसवले. मर्जरएफएस अनेक डिस्क एकाच फोल्डरसारख्या दाखवते, पण प्रत्येक फाइल अखंडपणे एकाच डिस्कवर असते. स्नॅपरेड वेगळ्या डिस्कवर पॅरिटी, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून काढलेली दुरुस्तीची माहिती, ठेवते, म्हणजे एक डिस्क गेली तरी तिच्यावरील माहिती पुन्हा तयार करता येते. पॅरिटीची डिस्क माहितीच्या सर्वांत मोठ्या डिस्कएवढी तरी असावी लागते. पॅरिटी सतत अद्ययावत होत नाही, ठरावीक वेळी होते. छायाचित्रांसाठी हे पुरेसे आहे, टॅलीसाठी नाही. म्हणून चारही संगणकांसाठी अरबॅकअप हे बॅकअप घेणारे सॉफ्टवेअर जोडले. विंडोजच्या शॅडो कॉपीच्या (डिस्कचे त्या क्षणाचे चित्र धरून ठेवण्याची सोय) आधारे ते उघड्या फाइलींचीही प्रत घेते, आणि दुकानाच्या संगणकावर टॅली दिवसभर उघडी असते.

इन्स्टॉलेशन सरळ झाले. सिस्टिमसाठी वेगळी छोटी डिस्क दिली आणि वेबपानावरचा मूळ पासवर्ड लगेच बदलला. खरा वेळ गेला तो नेटवर्कमध्ये. इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरचे पोर्ट 100 एमबीपीएसचे होते, म्हणजे सेकंदाला फार तर 11-12 एमबी; पहिला पूर्ण बॅकअप त्यातून काढणे म्हणजे बोअरचे पाणी तांब्याने उपसण्यासारखे होते. गिगाबिट स्विच आणि चांगल्या केबली आणल्यावर वेग जुन्या हार्डडिस्कला झेपेल तेवढा झाला. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा ठरवून दिला. विंडोज 11 प्रो पासवर्डविना सामायिक फोल्डर उघडू देत नसल्याने प्रत्येकाचे स्वतंत्र खाते केले. वहिनींच्या प्रश्नपत्रिका पुतण्याला दिसू नयेत, हेही त्यात आपोआप साधले.

विजेसाठी यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडला आहे, त्यामुळे बॅटरी उतरू लागली की सर्व्हर नीट बंद होतो. यंत्र माडीवर ठेवले आहे.

मग चाचणी घेतली. सर्व्हर बंद करून एक डिस्क काढली, पुतण्याच्या लॅपटॉपला यूएसबी डॉकने जोडली आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केले. छायाचित्रे फोल्डरसह जशीच्या तशी उघडली. विंडोजला ती डिस्क थेट वाचता येत नाही, कारण तिची फाइलप्रणाली लिनक्सची ईएक्सटी4 आहे, म्हणून तो पेनड्राइव्ह आता कागदपत्रांच्या पिशवीतच असतो. टॅलीचे फोल्डर अरबॅकअपमधून वेगळ्या जागी उतरवून भावाने स्वतः उघडून पाहिले आणि खतावणीतील शिल्लक दुकानातील शिलकेशी ताडून घेतली.

एक प्रत विट्याला आत्याकडे ठेवतो, कारण तिकडे कृष्णेचे पाणी येत नाही. ती डिस्क मुद्दाम एनटीएफएसमध्ये ठेवली आहे, आतेभावाच्या विंडोजवर ती थेट उघडते. हिशेबाच्या फाइली मात्र त्यात पासवर्डबंद सेव्हन-झिपमध्ये जातात आणि तो पासवर्ड भाऊ व वहिनी दोघांकडे आहे.