जरा उजळ करा

माणसाचं चित्र काढताना सगळ्यात अवघड काय, असं विचारलं की पूर्वी मी 'हात' म्हणायचे. यंदाच्या पावसाळ्यात उत्तर बदललं. घरचे.

मागच्या गल्लीतल्या काकूंची पंचाहत्तरी होती. मुलांनी २४ बाय ३० इंची तैलचित्र सांगितलं. काकू पहिल्या दिवशी खिडकीपाशी बसल्या त्या आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीवर मेथीची जुडी ठेवली. त्या निवडायला लागल्या आणि चेहरा सुटला. चार बैठका, कोळशाचं रेखाटन, बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पहिला हात, वरचे रंग. सगळं बिनबोभाट झालं.

मग थोरला मुलगा बघायला आला. बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "छान आहे. फक्त आईला जरा उजळ करा."

काकू सावळ्या आहेत. चांगल्या गडद सावळ्या. पण पैसे त्याचे होते, आणि मी वाद घालणारी नाही. टिटॅनियम व्हाईट मिसळला. चेहऱ्यावर खडूची भुकटी उडाल्यासारखं दिसायला लागलं. सुरीनं खरवडलं. मग दुकानातली 'फ्लेश टिंट'ची ट्यूब आणली. हा गुलाबी रंग नक्की कुणाच्या कातडीचा, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या गल्लीत तरी तसं कुणी राहत नाही. खरवडलं. यलो ऑकर वाढवला, तर काकूंना कावीळ. पुन्हा खरवडलं. त्यात हवा अशी दमट की एकेक थर वाळायला आठ-आठ दिवस. तीन आठवडे गेले. रोज सकाळी स्टुडिओचं दार उघडताना मुलाचं ते 'जरा' आठवून डोकं फिरायचं.

काकू एकदा सहज डोकावल्या. खरवडलेला चेहरा बघून म्हणाल्या, "अगं, माझ्या लग्नात फोटोवाल्यानं अशीच पावडर थापली होती. तो फोटो मी कधी भिंतीवर लावू दिला नाही."

त्या रात्री पणजीत पाहिलेली गोव्याचे चित्रकार अंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रं आठवली. फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आहेत, गेलात तर चुकवू नका. ती बघून मी वहीत लिहून ठेवलं होतं: सावळ्या कातडीवरचा उजेड म्हणजे फिकट तपकिरी नव्हे. काकूंच्या गालाच्या हाडावर खिडकीतलं आभाळ पडत होतं, म्हणजे तिथं किंचित निळसर हवं. सावलीत मात्र ऊब, म्हणजे तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना. मी नेमकं उलटं करत बसले होते.

आणि चित्रकार हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' डोळ्यांपुढे आणा. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, हातात दिवा घेतलेली बाई. हळदणकरांची मुलगी गीता त्यासाठी उभी राहिली होती. जलरंगात आहे ते, तैलरंग नव्हे. तो चेहरा उजळतो कारण भोवती अंधार आहे. मी काकूंच्या मागे खोलीतली क्रीम भिंत जशीच्या तशी काढली होती! क्रीमशेजारी कुठलाही माणूस काळवंडतो.

चेहरा पहिल्यासारखा सावळा केला, गालावर आणि नाकाच्या शेंड्यावर तेवढे निळसर हात. भिंत गडद शेवाळी केली. एका दुपारचं काम.

एक सांगायचं राहिलं, आणि हे खरं तर आधी करायला हवं होतं. अंबरचे गडद भाग वाळले की तेल आत शोषलं जातं आणि रंग राखेसारखा मरतो. मुलानं पाहिला तो असाच मेलेला चेहरा. गिऱ्हाइकाला बोलवण्याआधी वाळलेल्या भागावर जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवून फडक्यानं टिपून घ्या, रंग परत येतो. आणि आगाऊ रक्कम निम्मी तरी घ्या. मी घेतली नव्हती.

मुलगा आला. म्हणाला, "बघा, आता कशी उजळ आली आई!" मी भिंतीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

काकू चष्मा लावून अगदी जवळ गेल्या. रंगाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "कुडीत मोती सात असतात गं. तू सहाच काढलेस."

मोजले. सहाच होते.