चेस्ट अपडेट: इन्क्लाइन आधी, फ्लॅट नंतर

मागच्या अपडेटनंतर मोठा फरक म्हणजे कॉलरबोनच्या खालची सपाट जागा भरायला लागलीय. वर्कआउटनंतर पंप (मसलमध्ये रक्त भरून आलेली तात्पुरती फुगवट) असताना चेस्ट मोठीच दिसते, ते मी धरत नाही, सकाळी उठल्यावर बघतो आणि आता तेव्हाही दिसतंय, जाम भारी वाटतंय!

केलं काय, तर इन्क्लाइन डंबेल प्रेस (तिरक्या बेंचवर पडून डंबेल वर ढकलणं) पहिला आणला, फ्लॅट बेंच (तेच सपाट बेंचवर) त्याच्यानंतर. पेक्टोरॅलिस मेजर हा छातीचा मोठा मसल एकच, पण त्याचे वरचे फायबर कॉलरबोनपासून निघतात आणि खालचे मुख्यतः छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांपासून, आणि सगळे जाऊन दंडाच्या हाडाला चिकटतात, म्हणून वजन तिरकं वर ढकललं की वरच्या फायबरना जास्त काम पडतं. फ्रेश असताना केलेल्या सेटची क्वालिटी वेगळीच असते. बेंच 30 डिग्रीला लावतो, फार उभा केला की फ्रंट डेल्टच (खांद्याचा पुढचा मसल) बराचसा लोड घेतो.

खरी मजा खालच्या स्ट्रेचमध्ये आहे. डंबेल तीन सेकंदात खाली, तिथे क्षणभर थांबायचं, उसळी न घेता वर. खांद्याची पाती मागे दाबलेली आणि कोपरं पूर्ण बाजूला न उघडता शरीराशी 45 ते 60 डिग्रीत, याने खांद्याला पण बरं पडतं. असं केलं की वजन थोडं कमी घ्यावं लागतं, बिनधास्त घ्या.

वजन वाढवायची पद्धत साधी आहे, एका सेटमध्ये 8 रेप्सपासून (म्हणजे 8 वेळा उचलण्यापासून) सुरू, तिन्ही सेटमध्ये 12 आले की पुढचे जड डंबेल. 22.5 किलोचे 12 झाले, आता 25 किलोवर 9, 8, 8 चाललंय. शेवटच्या सेटमध्ये एखादी रेप शिल्लक ठेवतो, दोन सेटच्या मधे दोन-तीन मिनिटं रेस्ट. आठवड्यातून दोनदा चेस्ट, एकूण 14 सेट, शेवटी केबल फ्लाय (मशीनच्या केबल धरून दोन्ही हात छातीसमोर आणणं). प्रोटीन वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास.

टेपवर 98 चे 101 सेंटीमीटर झालेत, पण त्यात पाठही मोजली जाते, म्हणून मी लॉगबुकमधल्या रेप्सवर जास्त विश्वास ठेवतो.

पुढच्या ब्लॉकला (काही आठवड्यांच्या प्लॅनला) केबल फ्लायच्या जागी पुढे झुकून डिप्स (दोन समांतर बारवर शरीर खाली-वर करणं) टाकायचा विचार आहे, कोणी इन्क्लाइनच्याच दिवशी करत असेल तर खांदे कसे राहतात ते सांगा.