तेवीस नंबरचा बिंदू

सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह आमच्या भागावरून सकाळी सहाच्या सुमारास जातो आणि त्याच वाटेने परत यायला १२ दिवस घेतो. एक फेरी हुकली की बारा दिवस गेले. म्हणून त्या जूनमध्ये, उपग्रहावरून काढलेला मातीचा ओलावा प्रत्यक्ष मातीशी ताडून बघायला, गंगाखेड तालुक्यातल्या एका गावी आम्ही चौघं पहाटे साडेचारलाच रानात उतरलो होतो. परवा रात्री मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता, २६ मिलिमीटर. रानं नांगरून, पाळी घालून मोकळी होती. रडारला यापेक्षा चांगली संधी मिळत नाही, कारण पीक उभं राहिलं की मातीच्या आधी पानंच लहरी परत पाठवू लागतात.

उपग्रहाला पाणी ‘दिसत’ नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. कोरड्या मातीचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचा आकडा, ३-४ असतो, पाण्याचा ८० च्या आसपास. माती ओली झाली की हा आकडा चढतो, परतणारी लहर जोरकस होते आणि त्यावरून आम्ही ओलावा काढतो. पण माती कोरडी असून नुसती ढेकळं मोठी असली, तरीही लहर जोरात परतते. म्हणून प्रत्येक रानात सऱ्यांची दिशा आणि ढेकळांचा आकार आम्ही हाताने नोंदवतो. शिवाय हे सगळं वरच्या चार-पाच सेंटिमीटरपुरतं.

आमचे ४० बिंदू होते. प्रत्येक ठिकाणी लोखंडी कडं मातीत ठोकायचं, नमुना झाकणाच्या डबीत घालायचा आणि तिथेच वजन करायचं. पुढे १०५ अंशांवर २४ तास भट्टीत. यातला एक भाग मी कुणावर सोपवत नाही. काळी माती सुकताना आकसते, म्हणजे तिची घनताही ओलाव्याबरोबर बदलते. वजनातल्या ओलाव्याचं आकारमानातल्या ओलाव्यात रूपांतर करताना बहुतेक अहवालांत सगळ्या रानांना घनतेचा एकच आकडा लावलेला असतो. हा आळस आहे, आणि त्याने काळ्या रानांचे निकाल बिघडतात. मी प्रत्येक बिंदूची घनता वेगळी काढते. वेळ लागतो, पण आकडे खरे येतात.

त्या दिवशीही खरे येणार याचा अंदाज संध्याकाळीच आला. उपग्रहाची प्रतिमा उतरवून नकाशा केला, तेव्हा आमच्या प्रोबच्या, म्हणजे मातीत खुपसून ओलावा जागेवरच दाखवणाऱ्या यंत्राच्या, नोंदींशी तो सुरेख जुळत होता. मी खूश होते. आम्ही उतरलो होतो त्या घरचे मामा शेजारी येऊन बसले. तेवीस नंबरचा बिंदू त्यांच्याच रानात होता, तो मी त्यांना दाखवला.

“हे माझंच रान हाय का, मॅडम?”

“हो, मामा.”

“निळं म्हंजे ओल?”

“ओल.”

“मंग बी टाकावं का? उद्या ट्रॅक्टरचा नंबर हाय. हुकला तर आठ दिवस मिळायचा न्हाई.”

मी म्हणाले, “वरच्या थरात ओल चांगली आहे. पाऊस मात्र अजून कमी झालाय.”

या वाक्यात चुकीचं काही नव्हतं. पण त्यांनी विचारलं होतं पेरू का, आणि मी उत्तर दिलं वरच्या पाच सेंटिमीटरचं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ते मला पाठ होतं. माझे वडील पेरणीआधी खुरप्याने वीतभर उकरून बघायचे, ओलीला ओल मिळाली का म्हणून. तेही मला माहीत होतं. तरी “थांबा” हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. आपला नकाशा बरोबर आला या आनंदात मी होते.

सकाळी डब्या घेऊन आम्ही परतलो. त्याच सकाळी मामांनी उधारीवर आणलेलं सोयाबीन पेरलं.

तेवीस नंबरला मी एक नमुना जास्तीचा घेतला होता, १५ सेंटिमीटरवरून. कामात तो मागितलेला नव्हता. भट्टीतून निघाल्यावर वरच्या थराचा ओलावा ३४ टक्के आला, खालचा १९. वाळूत १९ टक्के म्हणजे चांगली ओल, पण काळ्या रानात वीस टक्क्यांच्या पुढे ओलावा असूनही रोप सुकतं, कारण चिकण कण पाणी धरून ठेवतात, मुळांना सोडत नाहीत. मी लगेच फोन केला. पेरणी होऊन दोन दिवस झाले होते.

पुढे सोळा दिवस थेंब नाही. बी फुगलं, मोड आले आणि खाली ओल न लागल्याने वाळून गेले. मामांना दुबार पेरणी करावी लागली. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. म्हणाले, ट्रॅक्टर दारात आला होता, शेजारीही पेरत होते, मी तसंही टाकलंच असतं. खरं असेल. पण टाकण्याआधी त्यांनी विचारलं मला होतं.

तिकडे आमची पडताळणी यशस्वी ठरली आणि सर्वांत चांगल्या जुळलेल्या बिंदूंमध्ये तेवीस नंबर होता.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून निसार हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह गेला तेव्हापासून कार्यालयात सगळे म्हणतात, आता प्रश्न सुटला. एल-बँडची लांब लहर पिकातून जास्त आत जाते, हे खरं आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ओल्या काळ्या मातीत वीतभर खाली तीही पोचत नाही. मुळांपर्यंतच्या ओलाव्याचे नकाशे मिळतात, ते संगणकावरच्या प्रारूपाने, म्हणजे गणिती अंदाजाने काढलेले, नऊ किलोमीटरच्या चौकोनांत. आमच्याकडे एका गावात मुरमाड माळ आणि पुरुषभर खोल काळी शेजारी शेजारी असते.

आता माझ्या पेटीत ऑगर, म्हणजे खोलवरची माती काढायचा गिरमिट, असतो. प्रत्येक बिंदूवर १५ आणि ३० सेंटिमीटरचे नमुने घेते, सोबतची पोरं उशीर होतो म्हणून कुरकुरतात तरी. अहवालाच्या साच्यात त्या आकड्यांना रकाना नाही. नकाशाखाली “हा ओलावा फक्त वरच्या पाच सेंटिमीटरचा” अशी ठळक ओळ घातली होती. नकाशा गिचमिड दिसतो म्हणून वरिष्ठांनी ती दोनदा काढली. तिसऱ्यांदा पाठवलाय, ओळीसकट.