ॲव्हरेज किती देते?

आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांना गाडी घ्यायची आहे. गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये भेट झाली तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, ‘‘तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?’’ माहितीपत्रकात लिटरला २१ किलोमीटर छापले होते, असे मी सांगितले. ‘‘ते झालं हो, पण खरं किती?’’ याचे उत्तर आमच्या घरी एका वहीत लिहिलेले आहे, म्हणून मी वर जाऊन ती वहीच त्यांना आणून दिली.

वहीची पद्धत माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची. ते पाटबंधारे खात्यात अभियंता होते आणि मोजमाप-पुस्तकात नोंद नाही ते काम झालेच नाही, या शिस्तीत त्यांची नोकरी गेली. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती तेव्हापासून पेट्रोलच्या नोंदी ठेवण्याचा रिवाज आमच्याकडे आहे. २०१८ च्या दसऱ्याला आमची छोटी पेट्रोल हॅचबॅक घरी आली, पूजा आटोपली आणि अप्पांनी आखलेली नवी वही माझ्या हातात ठेवली. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, भागाकार आणि शेरा असे सहा रकाने. गाडी मीच चालवते, तेव्हा वहीही माझ्याकडे आली.

नोंद करण्याची रीत सोपी असली तरी ती मोडण्याचा मोह पावलोपावली होतो. दर वेळी त्याच पंपावर टाकी भरायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबायचे, आणि मागच्या वेळेपासून झालेल्या किलोमीटरना आज भरलेल्या लिटरांनी भागायचे. पंपावरचा मुलगा हमखास विचारतो, ‘‘ताई, राउंड फिगर करू का?’’ नको म्हटले की तो माझ्याकडे दयेने पाहतो. गाडीच्या पडद्यावरही ॲव्हरेज दिसते, पण ते वहीतल्या आकड्यापेक्षा लिटरमागे साधारण एक किलोमीटरने उदार असते. आजवर ६१ हजार किलोमीटर झाले आहेत, एकशे साठ नोंदी आहेत आणि एकूण हिशेब लिटरला १४.६ किलोमीटर असा निघतो.

छापलेले २१ आणि आमचे १४.६ यांतल्या अंतरावर गाडी घेणारा प्रत्येक जण संतापतो, परंतु तो २१ चा आकडा खोटा नसतो. ज्या टेकडीवर मी सकाळी फिरायला जाते, तिला आम्ही कोथरूडकर एआरएआयची टेकडी म्हणतो, कारण १९६६ साली स्थापन झालेली ती वाहन-संशोधन संस्था तिथेच आहे. अशा प्रयोगशाळेत गाडी रस्त्यावर नव्हे, तर रोलरवर चालवतात. ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती वेग घेते, थांबते, पुन्हा निघते. हा सगळा प्रवास वीस मिनिटांच्या आत आटोपतो, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास आणि कमाल वेग ९० असतो, आणि एसी बंद असतो. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असल्याने दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम आहे. मात्र त्या परीक्षेत मे महिना नाही, मागच्या सीटवर सासूबाई आणि त्यांच्या दोन पिशव्या नाहीत आणि संध्याकाळी सहा वाजताची हिंजवडीची वाहतूककोंडीही नाही.

वहीतला सर्वांत वरचा आकडा २०.४ आहे, जानेवारी २०२० मधला. निघताना टाकी भरून आम्ही कोल्हापूरला गेलो आणि परतल्यावर पुन्हा भरली. ४६८ किलोमीटरना २२.९ लिटर लागले. थंडीमुळे एसी लावला नव्हता आणि खंबाटकीची चढण सोडली तर पाचव्या गिअरमध्ये ऐंशीच्या आसपास काटा स्थिर होता. परत येताना कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या लांब उतारावर अप्पा म्हणाले, ‘‘न्यूट्रल कर की, फुकट जाईल.’’ पद्मिनीच्या काळचे हे शहाणपण आताच्या गाडीला लागू पडत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजेक्शनचे इंजिन पेट्रोल जवळजवळ पूर्ण तोडते, चाकेच इंजिन फिरवत राहतात आणि वेगही आटोक्यात राहतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेल्या ट्रकांनी त्याच उतारावर नवले पुलापाशी किती अपघात केले आहेत, हे पुणेकरांना सांगायला नको. अप्पांना हे पटवायला त्या उतारावर सुरू झालेली चर्चा कोथरूडपर्यंत पुरली.

सर्वांत खालचा आकडा १०.६ आहे. २०२२ च्या पावसाळ्यात सासूबाई महिनाभर डेक्कनजवळच्या एका रुग्णालयात होत्या. डबा पोचवायला सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, जेमतेम चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या होत. इंजिन तापण्यापूर्वीच प्रवास संपे, आणि थंड इंजिन जास्तीचे पेट्रोल पिते. त्यात काचेवर वाफ धरू नये म्हणून एसी चालू ठेवावा लागे, आणि तिथे पोचल्यावर पी-१, पी-२ च्या पाट्या वाचत गल्ल्यांतून घिरट्या घालाव्या लागत. आज विषम तारीख, म्हणजे गाडी कोणत्या बाजूला लावायची, हे रुग्णाची चिंता डोक्यात असताना आठवणे सोपे नसते. त्या दोन टाक्यांच्या पुढे शेऱ्याच्या रकान्यात मी फक्त ‘आई’ एवढेच लिहिले आहे.

चांदणी चौक वहीत स्पष्ट दिसतो. माझी कचेरी हिंजवडीला असल्याने तो टाळणे शक्यच नव्हते. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पुलाचे उद्घाटन झाले. पूल पाडण्याआधीच्या वर्षभरात माझे आकडे साडेतेराच्या खालीच घुटमळत होते. नवा चौक खुला झाल्यावर ते साडेचौदाच्या वर गेले. लिटरमागे एक किलोमीटर म्हणजे फार नव्हे, पण डाव्या पायाला पडलेला फरक कोणत्याच रकान्यात मावत नाही. ४८ हजार किलोमीटरना क्लच प्लेट बदलावी लागली, तेव्हा मेकॅनिकने जुनी प्लेट दाखवून विचारले होते, ‘‘मॅडम, रोज हिंजवडी का?’’

इथेनॉलबद्दल मात्र माझी वही साक्ष द्यायला कचरते. आमची गाडी वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येण्यापूर्वीची. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणारच. अशा जुन्या गाड्यांत ही घट तीन ते सहा टक्के असल्याचे सरकारनेच २०२५ मध्ये म्हटले. माझ्या अलीकडच्या नोंदी साधारण पाच टक्क्यांनी उतरल्या आहेत, पण याच काळात हिंजवडीच्या रस्त्यावर मेट्रोचे काम चालू होते, गाडी सात वर्षांची झाली होती आणि टायरही बदलले होते. यातले किती इथेनॉलचे आणि किती खोदकामाचे, हे वेगळे काढता येत नाही. त्या नोंदींपुढे अप्पांनी शेरा मारला आहे, ‘कारणे अनेक’.

बाकी किरकोळ शेरे बरेच आहेत. ‘उंदराने वायर कुरतडली’ हा दोनदा येतो. तंबाखूची पाने बॉनेटखाली ठेवण्याचा सल्ला सर्वांनी दिला, उपयोग शून्य. ‘हवा २६ निघाली, ३३ केली’ हा शेरा जिथे जिथे आहे, तिथे पुढच्या नोंदीत आकडा थोडा वर गेलेला दिसतो. ॲव्हरेज वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय मला सापडलेला नाही, आणि तरीही तो दर महिन्याला करण्याचा आळस मी सात वर्षे निष्ठेने जपला आहे.

शेजाऱ्यांनी वही तीन आठवडे ठेवली. रोजचा रस्ता हिंजवडीचाच असल्याने त्यांनी ऑटोमॅटिक गिअरची गाडी ठरवली आहे, आणि क्लच प्लेटचे बिल पाहिल्यावर मलाही त्यांचा निर्णय पटला. वही परत देताना ते जरा संकोचून म्हणाले, ‘‘राग मानू नका, पण २०२१ च्या पानावर एक भागाकार चुकला आहे. मी पेन्सिलने खूण केली आहे.’’ अप्पांनी चष्मा लावून तो हिशेब कागदावर दोनदा करून पाहिला. १४.३ नव्हे, १३.४ हवे होते. मी अंक उलटे लिहिले होते. आता मागच्या सगळ्या पानांची तपासणी चालू आहे.